परफेक्ट गेम मोठा की चार होम रन?

वाचकांचे प्रश्न : बेसबॉल

मागच्या अंकात परफेक्ट गेमवर एक छोटी चौकट छापली होती : एकच पिचर, समोर २७ बॅटर (नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन बाद) आणि त्यातला एकही पहिल्या बेसवर पोचत नाही. त्यावर विदर्भातल्या शाळांमधून बरीच पत्रं आली. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत. मेजर लीगचे (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा) एकूण आकडे २०२५ च्या हंगामाअखेरचे आहेत.

प्रश्न : आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. एक गुरुजी म्हणतात, सत्तावीसच्या सत्तावीस बाद करण्यापेक्षा मोठं काही नाही. दुसरे म्हणतात, एका सामन्यात चार होम रन ठोकणारा खरा वाघ. कोणाचं बरोबर? – क्रीडाशिक्षक, आर्वी (जि. वर्धा)

दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण दोघे वेगळ्या गोष्टी मोजताहेत. एखादी कामगिरी किती वेळा झाली, ती करायला किती कसब लागतं आणि तिनं संघाचा किती फायदा होतो, हे तीन वेगळे हिशेब आहेत.

आधी संख्या. मेजर लीगमध्ये आजवर २४ परफेक्ट गेम झाले आणि एका सामन्यात चार होम रन २१ वेळा. आकडे जवळजवळ सारखे. पण प्रत्येक सामन्यात परफेक्ट गेमची संधी दोन पिचरना असते, तर चार होम रनची संधी किमान १८ बॅटरना. म्हणजे संधीमागे पाहिलं तर चार होम रन नऊ-दहापट दुर्मीळ. (१९२० पूर्वी होम रनच फार कमी व्हायचे. त्या काळातल्या बॅटरांच्या संध्या नावापुरत्याच, हेही ध्यानात घ्या.)

मग कसब. परफेक्ट गेमच्या यादीत नाव पिचरचं लागतं, पण काम नऊ जणांचं असतं. २००९ मध्ये मार्क बर्लीच्या परफेक्ट गेमच्या नवव्या इनिंगमध्ये सेंटर फील्डला ड्वेन वाइझनं कुंपणावर झेप घेऊन झेल पकडला नसता, तर तो चेंडू होम रन होता. २०१० मध्ये अर्मांडो गलारागानं २६ बाद केले आणि सत्ताविसावा बॅटर बाद असतानाही अंपायर जिम जॉयसनं त्याला सेफ दिलं. जॉयसनं नंतर चूक कबूल केली, पण नोंद बदलली नाही. पिचरनं काहीही कमी केलं नव्हतं. होम रनमध्ये असा तिसऱ्याचा हात फारसा नसतो. चेंडू कुंपणापार गेला की फील्डरचा संबंध संपला.

आता फायदा. कोणता फटका सरासरी किती धावांची भर घालतो, याचे मेजर लीगच्या आकड्यांवरून काढलेले ठोकताळे आहेत : सिंगल (एका बेसचा फटका) ०.४७, डबल (दोन बेस) ०.७८, ट्रिपल (तीन बेस) १.०९, होम रन (थेट चारही बेस) १.४०, वॉक (चार बाहेरच्या चेंडूंवर मिळालेला पहिला बेस) ०.३३ आणि बाद झाल्यास साधारण उणे ०.२५. होम रनला १.४० च का? कारण कित्येक होम रन बेस रिकामे असताना लागतात. चार होम रनचे झाले ५.६. पाचव्यांदा तो बाद झाला असं धरलं तरी ५.३५. परफेक्ट गेममध्ये समोरच्या संघाच्या सरासरी साडेचार धावा वाचतात, आणि त्यातला काही वाटा फील्डरांचा.

म्हणजे धावांत होम रनवाला पुढे. पण एकही धाव न देणारा संघ नऊ इनिंगमध्ये हरू शकत नाही, आणि चार होम रन मारूनही संघ हरलेले आहेत : १८९६ मध्ये एड डेलाहँटीचा, १९८६ मध्ये बॉब हॉर्नरचा (८–११) आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये युहेनियो सुआरेसचा. उलट बाजूला १९५९ चा हार्वी हॅडिक्स आहे. त्यानं १२ इनिंग परफेक्ट टाकल्या, पण त्याच्याही संघाची धाव झाली नाही आणि तेराव्यात सामना गेला.

आमचं मत विचाराल तर एकट्याच्या कसबात चार होम रन वर, सामना खिशात घालण्यात परफेक्ट गेम वर. स्टाफरूममधला वाद त्यामुळे मिटेलच असं नाही.

प्रश्न : आमच्या पोट्ट्यानं तालुक्याच्या सामन्यात सायकल पूर्ण केली : सिंगल, डबल, ट्रिपल, होम रन, चारही एकाच सामन्यात. पण समोरच्या शाळेचे सर म्हणाले, ती ट्रिपल नव्हतीच. फटका राइट फील्डला गेला, पहिल्या बेसवरचा रनर होमकडे निघाला, फील्डरनं चेंडू होमला फेकला आणि आमचा गडी तिसऱ्या बेसवर पोचला. स्कोअरबुकात काय लिहावं? – दारव्हा (जि. यवतमाळ)

समोरच्या सरांचं म्हणणं बरोबर दिसतं. फील्डर पुढच्या रनरला बाद करायला चेंडू टाकतो आणि त्या संधीत बॅटर एक बेस जास्त घेतो, तेव्हा तो बेस फटक्याच्या खात्यात जात नाही. तुमच्या वर्णनावरून ही डबल, आणि तिसरा बेस ‘थ्रोवर’. स्कोअररनं स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : फील्डरनं चेंडू होमऐवजी थेट तिसऱ्या बेसवर टाकला असता, तर हा मुलगा तिथं सेफ पोचला असता का? ठाम ‘हो’ असेल तरच ट्रिपल.

शाळांच्या स्कोअरबुकात ट्रिपल फुगण्याची आणखी काही कारणं असतात. आउटफील्डरच्या पायाखालून चेंडू सुटला तर फटका जेवढ्या बेसचा होता तेवढाच, पुढचे बेस एररवर (फील्डरच्या चुकीवर). बॅटर दुसरा बेस ओलांडून तिसऱ्याकडे धावला आणि तिथं टॅग झाला (चेंडू धरलेल्या हाताचा स्पर्श होऊन बाद), तर नोंद डबलची. चेंडू ढेकळावरून वेडावाकडा उसळला आणि साध्या प्रयत्नात तो अडवता येण्यासारखा नव्हता, तर मात्र तो हिट (फटक्यावर कमावलेला बेस), एरर नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या मैदानावर, पाऊस उघडून भेगा पडल्या की, हे कलम वारंवार लागतं.

एक नियम बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. शेवटच्या इनिंगमध्ये जिंकून देणारी धाव फटक्यावर आली, तर विजयी रनर जितके बेस पुढे सरकला तितक्याच बेसचा फटका बॅटरला मिळतो, आणि तेही बॅटर स्वतः तितके धावला असेल तर. विजयी रनर तिसऱ्या बेसवर होता, म्हणजे बॅटर पार तिसऱ्या बेसपर्यंत पळत गेला तरी सिंगलच. अपवाद फक्त कुंपणाबाहेर गेलेल्या होम रनचा.

सायकलचं मोल किती? वरच्या ठोकताळ्यानं ०.४७ + ०.७८ + १.०९ + १.४० = ३.७४. दोन डबल आणि दोन होम रन मारणाऱ्याचे ४.३६ होतात. दुसरा मुलगा संघाच्या जास्त कामाचा, तरी टाळ्या पहिल्याला. मेजर लीगमध्ये सायकल साडेतीनशेच्या आसपास आणि नो-हिटर (एकही हिट न दिलेले सामने) सव्वातीनशेच्या आसपास झाले आहेत. संख्येनं जुळे भाऊ, मोलानं नाहीत. सायकल अडते ती ट्रिपलपाशी : २०१९ च्या हंगामात मेजर लीगमध्ये ६,७७६ होम रन लागले आणि ट्रिपल ८०० सुद्धा नाहीत. ट्रिपलला नुसता जोर पुरत नाही. चेंडू कोपऱ्यात जावा लागतो आणि पाय वेगवान लागतात.

होम रन सहज होत असताना सायकलसाठी तिसऱ्या बेसवर थांबायला मुलाला कधीही सांगू नका. एक धाव हातची जाते.

प्रश्न : एकाच फील्डरनं कोणाच्याही मदतीशिवाय तिघांना बाद करायचं, हे घडतं तरी कसं? सराव करून जमेल का? – अचलपूर (जि. अमरावती)

मेजर लीगमध्ये हे फक्त १५ वेळा घडलं आहे, परफेक्ट गेमपेक्षाही कमी. आणि या पानावर आलेल्या साऱ्या कामगिऱ्यांमध्ये कसब सगळ्यांत कमी लागतं ते हिलाच.

परिस्थिती अशी जुळावी लागते : एकही बाद नाही, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर, आणि पिच पडतानाच दोघेही पळत सुटलेले. बॅटर लाइन ड्राइव्ह (टप्पा न पडता सपाट जाणारा जोरदार फटका) मारतो, तोही दुसऱ्या बेसजवळ उभ्या शॉर्टस्टॉपच्या किंवा सेकंड बेसमनच्या हातात. झेल घेतला, एक बाद. दुसऱ्या बेसवर पाय ठेवला, तिथून निघून गेलेला रनर परतायच्या आत, दुसरा बाद. त्याला टॅग करायची गरज नाही. पहिल्या बेसवरून धावत येणारा तोवर चार पावलांवर असतो. त्याला टॅग केलं, तिसरा बाद. सगळं दोन-तीन सेकंदांत.

२००९ मध्ये एरिक ब्रंटलेटनं हे केलं आणि सामना तिथंच संपला. त्याच इनिंगमध्ये आधी त्याच्याच एररमुळे एक रनर बेसवर आला होता. तो एरर झाला नसता तर हा पराक्रमही झाला नसता. १९२७ मध्ये तर ३० आणि ३१ मे अशा लागोपाठ दोन दिवशी दोन वेगळ्या खेळाडूंनी हे केलं, आणि त्यानंतर १९६८ पर्यंत एकदाही नाही. योगायोगाचा खेळ म्हणतात तो असा.

मोल मात्र कमी नाही. पहिल्या-दुसऱ्या बेसवर रनर आणि शून्य बाद या स्थितीत संघाच्या सरासरी दीड धावा होतात, त्या एका झेलात शून्य. पण हेच तिघे बाद तीन फील्डरांनी मिळून केले तरी फायदा तेवढाच. ‘एकट्यानं’ या शब्दाला धावफलकावर किंमत नाही.

सराव करता येतो, तो निर्णयाचा. दोन्ही बेसवर रनर ठेवा, १२ ते १५ मीटरवरून सेकंड बेसमनच्या दिशेनं सरळ चेंडू टाका आणि रनरना टाकण्याबरोबर पळायला लावा. मुलांच्या तीन चुका होतात. झेल पुरता हातात बसण्याआधी बेसकडे पाहतात आणि चेंडू सुटतो. दुसऱ्या बेसवर पाय ठेवण्याऐवजी तिकडे दुसरा गडी शोधून थ्रो करतात. आणि रनर समोर दिसत असताना पहिल्या बेसवर चेंडू फेकतात. हा थ्रो चुकीचा नाही, पण सुटला तर सारं गेलं. रनर हाताच्या अंतरावर असेल तर टॅगच बरा.

जास्त बाद मिळावेत म्हणून झेल मुद्दाम सोडायला शिकवू नका. पहिल्या बेसवर रनर असताना आणि दोनपेक्षा कमी बाद असताना इनफिल्डरनं हातात आलेला लाइन ड्राइव्ह जाणून पाडला, तर चेंडू डेड होतो, बॅटर बाद आणि रनर आपापल्या जागी परत. उंच उडालेल्या चेंडूला पहिला-दुसरा बेस भरलेला असताना इनफिल्ड फ्लायचा नियम लागतो, म्हणजे झेल सुटला तरी बॅटर बादच. तिथंही डाव साधत नाही.

प्रश्न : आमच्याकडे सामने पाच इनिंगचे होतात. पंधराच्या पंधरा बाद झाले तर त्याला परफेक्ट गेम म्हणायचं का? मेजर लीगच्या मानानं हे सोपंच ना? – चिमूर (जि. चंद्रपूर)

म्हणा, फक्त ‘५ इनिंगचा’ असं सोबत लिहा. मेजर लीगनं १९९१ मध्ये किमान नऊ इनिंगची अट घातली आणि नो-हिटरच्या यादीतून जुनी ५० नावं वगळली. तो त्यांच्या यादीचा प्रश्न.

सोपं म्हणाल तर हिशेब करून पाहू. मेजर लीगमध्ये शंभर बॅटरपैकी सुमारे ३२ बेसवर पोचतात. म्हणजे एक बॅटर बाद होण्याची शक्यता ०.६८. ती २७ वेळा स्वतःशी गुणली की उत्तर येतं साधारण ३३ हजारांत एक. प्रत्यक्षात सव्वादोन लाखांच्या वर सामने, प्रत्येकात दोन पिचर आणि २४ परफेक्ट गेम, म्हणजे वीस हजारांत एकाच्या आसपास. हा फरक पडतो तो उत्तम पिचरांमुळे. ज्याच्याविरुद्ध शंभरात २५ च पोचतात, त्याची शक्यता २,४०० त एक होते.

आता तालुक्याचा सामना घ्या. हिट, वॉक, अंगावर लागलेले चेंडू, एरर असं सगळं धरलं तर निम्मे बॅटर बेसवर पोचणं तिथं नवलाचं नाही. मग पंधरा ओळीनं बाद होण्याची शक्यता ३२,७६८ त एक. तुमच्या मुलानं पाच इनिंगमध्ये केलेलं काम मेजर लीगच्या नऊ इनिंगइतकंच दुर्मीळ निघतं. शंभरात ४० पोचत असतील तर २,१०० त एक. तुमच्या स्कोअरबुकांतून स्वतःचा आकडा काढा : बेसवर पोचलेले भागिले एकूण आलेले बॅटर.

परफेक्ट गेम शाळेत मोडतो तो बहुतेकदा कॅचरपाशी. तिसऱ्या स्ट्राइकवर बॅटर बाद ठरतो (स्ट्राइक आउट), पण तो चेंडू कॅचरच्या हातून जमिनीवर पडला आणि पहिला बेस रिकामा असेल (किंवा दोन बाद असतील), तर बॅटरला पळता येतं. तो पोचला की पिचरच्या खात्यात स्ट्राइक आउट राहतो, परफेक्ट गेम जातो. पिचरइतकीच मेहनत कॅचरकडून खाली पडणारे चेंडू अंगानं अडवण्याची करून घ्या.

प्रश्न : नऊ चेंडूंत तीन स्ट्राइक आउट म्हणजे क्रिकेटमधल्या हॅटट्रिकसारखंच का? – हिंगणघाट (जि. वर्धा)

कानाला तसं वाटतं, मोल वेगळं. जामठ्याच्या मैदानावर नोव्हेंबर २०१९ मध्ये दीपक चहरनं बांगलादेशविरुद्ध हॅटट्रिक घेतली तेव्हा दहातले तीन गडी कायमचे गेले. बेसबॉलमध्ये नऊ चेंडूंत तीन बाद केले तर सत्तावीसमधले तीन गेले, आणि तेच बॅटर तीन इनिंगनंतर पुन्हा उभे. पंधरा चेंडू टाकून तिघांना बाद करणाऱ्या पिचरनंही तीच अर्धी धाव वाचवली. वाचले ते सहा चेंडू. मेजर लीगमध्ये हे शंभराहून जास्त वेळा झालं आहे. १५ जून २०२२ ला ह्यूस्टनच्या दोन पिचरनी टेक्ससच्या त्याच तीन बॅटरांवर एकाच सामन्यात दोनदा केलं.

प्रश्न : जिल्हा निवडीसाठी दोन पिचर आहेत, दोघेही चौदा वर्षांखालचे. एकाच्या नावावर नो-हिटर आहे, दुसऱ्याला तीन हिट बसले. पालकांचा आग्रह नो-हिटरवाल्यासाठी आहे. कसं ठरवावं? – क्रीडाशिक्षक, रिसोड (जि. वाशीम)

नो-हिटर म्हणजे हिट नाही, एवढंच. त्यात वॉक किती दिले, एररवर धावा किती गेल्या हे कळत नाही. १९६४ मध्ये केन जॉन्सननं नऊ इनिंगमध्ये एकही हिट दिला नाही आणि तो ०–१ नं हरला. त्या धावेच्या मुळाशी त्याचाच एरर होता.

बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांची ‘गेम स्कोअर’ ही जुनी पद्धत कागद-पेन्सिलीनं होते. सुरुवात ५० पासून. प्रत्येक बादला १ मिळवा. चौथ्यानंतर पूर्ण केलेल्या प्रत्येक इनिंगला २ आणि प्रत्येक स्ट्राइक आउटला १ मिळवा. हिटला २, वॉकला १, पिचरच्या खात्यातल्या धावेला ४ आणि एररमुळे गेलेल्या धावेला २ वजा करा.

समजा, पहिल्यानं पाच इनिंगमध्ये शून्य हिट, ६ वॉक, ४ स्ट्राइक आउट आणि एररवर २ धावा दिल्या : ५० + १५ + २ + ४ – ६ – ४ = ६१. दुसऱ्यानं ३ हिट, शून्य वॉक, ९ स्ट्राइक आउट, शून्य धावा : ५० + १५ + २ + ९ – ६ = ७०. पालकांसमोर हाच कागद ठेवा. अर्थात एका सामन्यावर निवड करू नका. किमान चार-पाच सामन्यांची सरासरी घ्या.

मोठ्यांच्या सामन्यातही ही पद्धत वेगळं काही दाखवते. १९५६ मध्ये डॉन लार्सननं वर्ल्ड सिरीजमधला (मेजर लीगची अंतिम मालिका) आजवरचा एकमेव परफेक्ट गेम टाकला, ७ स्ट्राइक आउटसह : गुण ९४. १९९८ मध्ये वीस वर्षांच्या केरी वूडनं एक हिट दिला, वॉक एकही नाही आणि २० स्ट्राइक आउट : गुण १०५. तो एक हिटही तिसऱ्या बेसवरच्या फील्डरच्या ग्लव्हला लागून गेलेला. नऊ इनिंगमध्ये २० स्ट्राइक आउट आजवर पाचदाच झाले आहेत, आणि फील्डरांवर सर्वांत कमी भार टाकणारी कामगिरी हीच. पिचिंगमध्ये आम्ही तिला परफेक्ट गेमच्या वर ठेवतो.

वूडनं त्या दिवशी १२२ पिच टाकले. पुढचा अख्खा हंगाम कोपराच्या शस्त्रक्रियेत गेला. एका सामन्यामुळे कोपर गेलं असं म्हणता येणार नाही, पण तुमच्या मुलांसाठी पिच मोजणारा एक जण बाकावर बसवाच. अमेरिकेतल्या मार्गदर्शक तत्त्वांत १३-१४ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच आहेत. २१ ते ३५ पिचनंतर एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० नंतर दोन, ५१ ते ६५ नंतर तीन, ६६ च्या वर चार दिवस. आपल्याकडे तालुका स्पर्धा एका दिवसात उरकतात आणि एकच मुलगा सकाळ-दुपार दोन्ही सामने टाकतो. तिथं नो-हिटर चालू आहे म्हणून मर्यादा ओलांडू देऊ नका. क्लेटन कर्शॉला एप्रिल २०२२ मध्ये सात परफेक्ट इनिंग आणि ८० पिचनंतर बाहेर काढलं, तो तर कसलेला गडी होता.

प्रश्न : जो डिमॅगिओचे सलग ५६ सामने हिट आणि टेड विल्यम्सची .४०६ सरासरी (हजार संधींत ४०६ हिट), दोन्ही १९४१ चे. जास्त अवघड कोणतं? – मंगरूळपीर (जि. वाशीम)

अवघड ५६, मोलाचं .४०६. डिमॅगिओची त्या वर्षीची सरासरी .३५७. सामन्याला चार संधी धरल्या तर एका सामन्यात निदान एक हिट मिळण्याची शक्यता ८३ टक्क्यांच्या आसपास. असे ठरावीक ५६ सामने ओळीनं साधायचे तर सुमारे ३६ हजारांत एक. १९७८ मध्ये पीट रोझ ४४ पर्यंत पोचला, पुढे कोणी नाही.

पण त्या ५६ सामन्यांत डिमॅगिओची सरासरी होती .४०८ आणि त्याच काळात विल्यम्सची .४१२. डिमॅगिओचे ९१ हिट सलग सामन्यांत पडले काय किंवा विखुरले काय, धावा साधारण तेवढ्याच. शिवाय साखळी टिकवायची तर वॉक घेणं बॅटरच्या हिताचं नसतं. विल्यम्सनं त्या हंगामात १४७ वॉक घेतले आणि तो निम्म्याहून जास्त वेळा बेसवर पोचला. मानाचा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) पुरस्कार डिमॅगिओला मिळाला. आम्ही मत विल्यम्सला दिलं असतं.

प्रश्न : रिकी हेंडरसनचे एका हंगामात १३० स्टील केवढे मोलाचे? – मूर्तिजापूर (जि. अकोला)

वाटतं त्यापेक्षा कमी. यशस्वी स्टीलनं (पिच पडतानाच पळून पुढचा बेस गाठणं) साधारण ०.२ धाव वाढते, पकडलं गेलं तर ०.४ च्या वर जाते. १९८२ मध्ये तो १३० वेळा पोचला आणि ४२ वेळा बाद झाला. हाती उरल्या नऊएक धावा, म्हणजे हंगामभरात एक विजय. तीन प्रयत्नांत दोनदा तरी पोचत नसेल, तर त्या मुलाला पळवू नका.

प्रश्न : एका दिवसातली सगळ्यांत भारी कामगिरी कोणती? – वरूड (जि. अमरावती)

याला नाव नाही, म्हणून यादीत सापडणार नाही. १७ ऑक्टोबर २०२५ ला शोहेइ ओहतानीनं मिल्वॉकीविरुद्ध तीन होम रन मारले, एक वॉक घेतला आणि पिचर म्हणून सहा इनिंग धाव न देता १० स्ट्राइक आउट केले. बॅटिंगचे सुमारे साडेचार आणि वाचवलेल्या तीनेक धावा मिळून साडेसात. त्याच्या जवळ जातो तो १९७१ चा रिक वाइझ : स्वतः नो-हिटर टाकला आणि दोन होम रनही मारले. वाइझचा सामना साखळीतला, ओहतानीचा वर्ल्ड सिरीजच्या दारातला. आम्ही ओहतानीला वर ठेवतो, थोडक्यानं.

प्रश्न : आमच्या मैदानाला कुंपण नाही, लेफ्ट फील्डच्या मागे तुरीचं वावर आहे. चेंडू तुरीत गेला की होम रन की काय, यावरून दर सामन्याला भांडण होते. – घाटंजी (जि. यवतमाळ)

हे सामन्याआधी ठरवायचं असतं, चेंडू तुरीत गेल्यावर नाही. होम प्लेटपासून सारख्या अंतरावर फक्कीची कमान आखा. चौदा वर्षांखालच्यांना ६० मीटरच्या आसपास पुरे. चेंडू थेट हवेतून रेषेपलीकडे पडला तर होम रन. टप्पा खाऊन किंवा घरंगळत गेला तर दोन बेस, रनर कुठंही पोचलेला असो. जागा कमी असेल आणि वावर रेषेच्या आत येत असेल, तर फील्डरनं चेंडू अडकलेला दिसताच दोन्ही हात वर करून थांबायचं, अंपायर दोन बेस देईल. शिकागोच्या रिग्ली फील्डच्या भिंतीवर वेल आहे, तिथं चेंडू वेलीत अडकला की हेच करतात. फील्डरनं हात वर न करता तुरीत हात घातला, तर चेंडू चालू मानायचा आणि रनर धावत राहणार. दोन्ही कर्णधारांना बोलावून हे अंपायरसमोर सांगा आणि स्कोअरबुकाच्या पहिल्या पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. वावराच्या मालकालाही आधी विचारा. फुलोऱ्यात मुलं शिरली की तो स्पर्धाच बंद पाडेल.